ताके पक्ष्यांचा राखणदार

मी मिकाएरेचा कोणी लागत नाही. रक्ताने नाही, लग्नाने नाही. दर दहा दिवसांनी त्याच्या बेटावर पाणी आणि तांदूळ पोचवायचं काम सरकारच्या वन्यजीव खात्याने मला दिलं, ते एवढ्याच गुणावर. होडी माझ्यापेक्षा चांगली हाकणारे गावात चार जण आहेत.

आमच्या या बेटांवर नातेवाइकाने तोंड उघडून काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं. याला बुबूती म्हणतात. माझं नवंकोरं इंजिन चुलतभावाने असंच मागून नेलं, आणि वर मीच ते त्याच्या होडीला बसवून दिलं. बाहेरून आलेले साहेब याला भाबडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. विहीर खारट झालेल्या घराला आमच्याकडे पाणी मिळतं, ते यामुळेच.

पक्ष्यांचं मात्र बुबूतीने वाटोळं केलं. ताके हा पांढराशुभ्र पक्षी, शेपटीला दोन लांब तांबडी पिसं. झुडपाखाली जमिनीवरच अंडं घालतो आणि माणूस जवळ आला तरी उडत नाही, बसल्या जागी नुसता ओरडतो. उचलायचा आणि पिशवीत टाकायचा. खात्याने नेमलेले पहिले दोन राखणदार सज्जन होते. लाच त्यांनी कधी घेतली नाही. त्यांना काका-मामा फार होते, इतकंच.

तिसरा मिकाएरे. हा मूळचा माडी काढणारा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी थोरल्या भावाच्या नातवाचा पहिला वाढदिवस आला, आणि भावाने मेजवानीला बारा ताके मागितले. मिकाएरेने स्वतःच्या हाताने आणून दिले. त्यातल्या सात जणांची पिल्लं झुडपांखाली राहिली होती. जोडीदाराने एकट्याने मासे आणून आणून किती आणावेत? शेवटचं पिल्लू मरायला नऊ दिवस लागले. हे त्याने मला एकदाच सांगितलं.

त्याच महिन्यात तो पक्ष्यांच्या बेटावर राहायला गेला. माझ्या होडीने पाऊण तासावर, प्रवाळाच्या कड्याआतल्या शांत पाण्यात. मागणारा समोरच आला नाही तर नाही म्हणायची वेळ येणार नाही, हा त्याचा हिशेब. नातेवाइकांचा निरोपसुद्धा मी न्यायचा नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती. "एकदा कानावर पडलं की मी बांधला गेलो, बुरेन," तो म्हणायचा. अकरा वर्षं गेली. तो लग्नांना आला नाही, मयतांना आला नाही. गावात लोक म्हणायचे, "मिकाएरे होय? तो आता अंडी उबवतो."

तो मात्र सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचा आणि आमच्या रीतीप्रमाणे वर बसून गायचा. माडी काढणाऱ्याचं गाणं खाली घरातल्यांसाठी असतं, माणूस वर सुखरूप आहे हे कळावं म्हणून. याच्या माडाखाली घरच नव्हतं. मला त्याचं गाणं पाण्यावरून ऐकू यायचं आणि फार वाईट वाटायचं.

पक्षी वाढले, हे खरं. चाळीस घरट्यांची तीनशे झाली. पाणी तापलं त्या वर्षी मासे खोल गेले आणि पिल्लं टाकून पक्षी निघून गेले; तेव्हा मेलेल्या पिल्लांच्या पोटातून निघालेली प्लास्टिकची बुचं त्याने मला ओंजळभर दाखवली. "समुद्राला मी अडवू शकत नाही," म्हणाला, "भावाला तरी अडवतो."

घरच्यांपैकी तो एकीचीच चौकशी करायचा. थोरली बहीण, म्वाता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला.

"ताई बरी आहे?"

"बरी आहे."

"बस्स. पुढे बोलू नकोस."

गेल्या एप्रिलमध्ये ही म्वाता काठी टेकत आली आणि माझ्या होडीत जाऊन बसली. साखरेच्या दुखण्याने पाय काळा पडलेला. मंगळवारच्या विमानाने तिला राजधानीला, तारावाच्या इस्पितळात पाय कापायला नेणार होते.

"म्हातारे, उतर. त्याने मला शपथ घातलीय."

"निरोप न्यायचा नाही अशी घातलीय ना? मी काय निरोप आहे? चल, इंजिन लाव."

आम्ही जवळ पोचलो तेव्हा तो माडावर गात होता. होडीत कोण आहे ते दिसताच गाणं थांबलं. सरसर उतरला आणि झुडपांत शिरला. मी म्वाताला धरून वाळूवर बसवलं. तिने केळीच्या पानातला नारळाचा गोड पदार्थ मांडीवर ठेवला आणि झुडपांकडे तोंड करून बोलू लागली.

"मिकाएरे, मला तुझे पक्षी नकोत. बाहेर ये. एकदा तोंड दाखव. हेच मागतेय, दुसरं काही नाही."

झुडूप हललं नाही. तिने पाच वेळा मागितलं. मधेमधे त्याच्या लहानपणचं काहीबाही सांगितलं, मला ऐकायला लाज वाटली म्हणून मी होडीकडे जाऊन उभा राहिलो. शेवटी ऊन चढलं. तिने खाऊ वाळूवर ठेवला आणि मला हात केला.

परतताना अर्ध्या वाटेत म्हणाली, "मला नाही म्हणाला तो. आमच्या घरात आजवर कोणी कोणाला नाही म्हटलेलं नाही." मग किनारा दिसू लागल्यावर, "शिकला एकदाचा नाही म्हणायला. आता पक्षी राहतील."

दहा दिवसांनी मी गेलो तो संतापानेच. तांदळाचं पोतं वाळूवर आपटलं.

"शनिवारी गेली तुझी बहीण. पाय कापल्यावर शुद्धीवर आलीच नाही. तारावालाच पुरली. दगड आहेस तू दगड."

तो खाली बसला. बराच वेळ वाळू उकरत राहिला. मग मान वर न करता विचारलं, "किती मागितले होते तिने?"

"काय किती?"

"ताके. कानात बोटं होती माझी, बुरेन. तुमची होडी दिसेनाशी होईपर्यंत काढली नाहीत. किती मागितले?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. खोटं बोलावं असं मनात आलं, पण सुचलं नाही. मी म्हटलं, "एकही नाही. बाहेर येऊन तोंड दाखव म्हणाली. पाच वेळा म्हणाली."

त्याने दोन्ही हातांनी आपलं तोंड चाचपलं.

"हे?" तो म्हणाला. "हे तर दिलं असतं."