टुमासचं बोट

टुमासने उभ्या आयुष्यात एकही गोल केला नाही, तरी आमच्या गावात फुटबॉलचा विषय निघाला की त्याचं नाव यायचंच. तो चेंडू धरणारा. आमच्या फॅरो बेटांवरचा वारा पेनल्टीसाठी ठेवलेला चेंडू जागेवर राहू देईल तर शपथ. म्हणून संघातला एकजण जमिनीवर पालथा पडून चेंडूवर बोट टेकवतो आणि दुसरा धावत येऊन लाथ मारतो. पाय चेंडूला लागतो त्याच क्षणी बोट काढायचं. या कामाला नाव नाही, मान नाही, पण बोटं शाबूत ठेवायची तर भरवसा लागतो.

टुमास मासळीच्या कारखान्यात कॉड कापायचा आणि संध्याकाळी मेंढ्यांमागे फिरायचा. स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पेनल्टी मारायचा तो हायनी, शेजारच्याच घरातला, बरोबरीने वाढलेला. हायनीने लाथ मारायची आणि टुमासने बोट टेकवायचं, हे ठरूनच गेलेलं.

चाळीस वर्षांपूर्वी राष्ट्रीय चषकाच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. आमच्यासारख्या दीडशे उंबऱ्यांच्या गावाला अंतिम सामना म्हणजे केवढं अप्रूप! सगळं गाव कुंपणाला टेकून उभं होतं. हायनी धावत आला, आणि चेंडू गोलवरून थेट समुद्रात गेला. आम्ही हरलो.

तेव्हापासून हायनीचं नाव गावाच्या तोंडी बसलं. कुणाच्या हातून माशांची पेटी निसटली की लोक म्हणत, "हायनी केलंस रे." त्यात द्वेष नव्हता, पण गंमतही रोज रोज ऐकली की टोचते. हायनी हसायचा. पुढे पुढे तर कुणी बोलायच्या आत स्वतःच म्हणून मोकळा व्हायचा.

टुमासला मात्र ठाऊक होतं की त्याने बोट आधी उचललं होतं. त्याच आठवड्यात जाळं ओढायच्या यंत्रात त्याच्या भावाची दोन बोटं गेली होती. हायनीचा खिळ्यांचा बूट जवळ आला आणि याचा धीर सुटला. चेंडू वीतभर सरकला. एवढंच. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता लग्नं झाली, पोरं झाली, केस गेले.

यंदा हायनीची नात रन्नवा मुलींच्या चषकात खेळत होती. सामन्याआधीच्या शनिवारी दुपारी क्लबात कॉफी आणि रुबार्बचा केक घेऊन जुनी मंडळी बसली होती. पेनल्टी कुणी मारायची यावर बोलणं चाललं होतं. रन्नवाचं नाव निघताच कुणीतरी हसत हसत म्हणालं, ते रक्त नको बाबा. त्यावर हायनी मान हलवून म्हणाला, "खरंय. आमच्या घरात ते काम नकोच."

टुमासचा कप हातातच राहिला. स्वतःवरचा विनोद हायनीने पचवला होता, पण तो आता पोरीच्या पानात वाढला जात होता. टुमास उभा राहिला आणि अडखळत सगळं सांगून बसला. बोट, भीती, वीतभर सरकलेला चेंडू, सगळं.

मग एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मित्रासाठी इतक्या वर्षांनी खोटं बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही, असं ती सगळी म्हणू लागली. चांगुलपणाची सवय किती नडते बघा. टुमास जीव तोडून सांगत होता आणि ती कौतुकाने माना डोलावत होती. त्याच्या ताटलीत कुणीतरी केकचा मोठा तुकडाही ठेवला.

फक्त हायनी हसला नाही. तो टुमासचा चेहरा बघत राहिला. बाकीचे उठून गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "खरं बोललास?"

"हो."

"मग इतकी वर्षं मी कुणाची लाज वागवली रे?"

टुमासने खाली बघितलं नाही. तेवढं त्याला जमलं.

"माझी," तो म्हणाला.

हायनीने टोपी घातली आणि निघाला. दर शनिवारी दोघं घरापर्यंत बरोबर चालत जायचे. त्या दिवशी तो एकटाच गेला.