अकाउंट त्यांचं, पत्ता दुसऱ्याचा

"पत्ता द्या, एवढंच म्हणून राहिलो मी," काउंटरपलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला.

अकोल्यात एका ब्रॉडबँड कंपनीच्या ऑफिसात मी बारा वर्षं कस्टमर केअर सांभाळते. आमच्या मोठ्या प्लॅनसोबत सिनेमा-मालिकांच्या ॲपचं अकाउंट मिळतं. ते कोणकोणत्या टीव्हीवर चालू आहे, हे मालकाला मोबाइलवर दिसतं. टीव्हीचं नाव, शेवटचा वापर आणि अंदाजे गाव. याला आम्ही डिव्हाइस लिस्ट म्हणतो.

या माणसाच्या लिस्टमध्ये दोन टीव्ही होते. एक त्याच्या घरचा. दुसरा परतवाड्याचा, त्यावर रोज चारच्या सुमारास 'परी' नावाच्या प्रोफाइलवर कार्टून चालायचं.

"परी कोण?" मी विचारलं.

"पोरगी माही. बायको तिले घेऊन गेली, चार महिने झाले. गाव तर समजलं. घर तुमी सांगा. तिथलं कनेक्शन तुमचंच असन."

प्रत्येक कनेक्शनला इंटरनेटवर एक नंबर असतो, त्यावरून आम्हाला ग्राहक सापडतो. मी तपासलं. कनेक्शन आमचंच होतं. नाव, गल्ली, मोबाइल, सगळं समोर आलं. मी स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतली.

"दादा, अकाउंट तुमचं आहे. नको असेल तर तो टीव्ही आत्ता बंद करते, पासवर्ड बदलून देते. पण कनेक्शन दुसऱ्या ग्राहकाचं आहे. त्यांचा पत्ता मी देणार नाही."

"बंद नाई करायचं."

"काहून?"

त्यानं मोबाइलवरची लिस्ट पुन्हा माझ्यापुढे धरली. टीव्ही बंद झाला की माग सुटणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

आवाज ऐकून आमचे मॅनेजर बोंडे साहेब बाहेर आले. "मॅडम, यांच्या तीन दुकानांत आपले कनेक्शन आहेत. बाप हाय तो. पोरीचा पत्ता मागून राहिला, चोरी करून राहिला का?"

हे मला लागलं. तो चांगला बापही असू शकत होता. त्या दोघांत काय झालं ते मला माहीत नव्हतं. पण ती बाई पत्ता न सांगता गेली होती, एवढं तर त्याच्याच बोलण्यातून कळत होतं.

"साहेब, कोर्टाचा आदेश आणू द्या, लगेच पत्ता देऊ. तोंडी नाही. द्यायचाच असेल तर तुमच्या लॉगिननं काढा आणि त्यावर सही करा."

साहेबांनी सही केली नाही. तो माणूस 'तक्रार करतो' म्हणत निघून गेला.

त्याच दुपारी मी परतवाड्याच्या नंबरवर फोन लावला. एका बाईनं उचलला. मी म्हटलं, "तुमच्या टीव्हीवरचं ॲप दुसऱ्याच्या अकाउंटवर चालू आहे. त्या मालकाला तुमचं गाव दिसतं."

तिनं लगेच विचारलं, "घर?"

"घर दिसत नाही. आणि आम्ही सांगत नाही."

"पोरीले पासवर्ड पाठ होता. त्याचं फुकटचं वापरून राहिलो म्हणून मले लाज वाटे. पण म्हटलं, तिचा बापच हाय, पाहू दे कार्टून. हे गावाचं मले ठाऊकच नोतं."

मी सांगत गेले, ती रिमोटवर बटणं दाबत गेली. टीव्ही लॉगआउट झाला. पुढच्या आठवड्यात तिनं स्वतःच्या नावावर अकाउंट घेतलं.

तक्रार अमरावतीच्या रिजनल ऑफिसला पोचली. माझ्याकडून खुलासा मागितला गेला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. घडलं तसं एक पान लिहून पाठवलं. तिथल्या मॅडमनी फोनवर विचारलं, "हा नियम तुम्हाला कोणी सांगितला?"

"कोणीच नाही, मॅडम. असा नियम नव्हताच."

पंधरा दिवसांनी सर्क्युलर आलं. डिव्हाइस लिस्टवरून कुणाचाही पत्ता लेखी आदेशाशिवाय द्यायचा नाही, सगळ्या ऑफिसांना लागू. त्यात माझं नाव नाही. पण त्यातली दोन वाक्यं माझ्या खुलाशातली आहेत, जशीच्या तशी. बोंडे साहेबांनी ते स्वतः काउंटरमागे चिकटवलं. नवीन माणूस रुजू झाला की मी त्याला आधी तेच वाचायला लावते, आणि ती दोन वाक्यं कुणाची हेही सांगते. मोठेपणा वाटला तर वाटो.

घरातल्या घरात पासवर्ड वाटायला माझी हरकत नाही. माझाही माझ्या बहिणीकडे आहे. पण माणसं वेगळी झाली की आधी लॉगआउट करावं. भांड्यांची वाटणी मागाहून झाली तरी चालते.