गिरणीवाल्याचे कान

आमच्या गल्लीतला गिरणीवाला ठार बहिरा, असं आम्ही बायका धरूनच चालायचो. त्याला तोंडानं काही सांगायचंच न्हाई. ज्वारी बारीक पाहिजे तर चिमूट चोळून दाखवायची, भरडा पाहिजे तर मूठ. तो पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवायचा आणि बराबर तसंच दळून द्यायचा. त्यामुळं नंबर येईपर्यंत गिरणीच्या आवाजात ओरडून ओरडून आम्ही त्याच्यासमोर घरोघरच्या सुना दळायचो. त्यात माझी सून सगळ्यात बारीक.

परवा आमचं ऐकून त्याची लेक त्याला कान तपासायला जालन्याला घेऊन निघाली, मी सोबतीला गेल्ते. तिथं दवाखान्यातल्या पोरीनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. गडी दाबतच राह्यला.

"काकांचे कान ठणठणीत आहेत," पोरगी म्हणाली.

"मंग बाबा, गिरणीत बोलत का न्हाई तुम्ही?" लेकीनं विचारलं.

"मला कोण काय विचारतं? सगळ्या हातच हलवतात."

परतताना बसमध्ये मी हळूच विचारलं, "भाऊ, माझ्या सुनेचं सगळं ऐकलं का हो?"

त्यानं कानामागं हात धरला. "काय म्हणता, आक्का? ऐकू न्हाई आलं."

दुसऱ्या दिवशी ज्वारी घेऊन गेले. सवयीनं चिमूट चोळून दाखवली, त्यानं भुवया उडवल्या. मंग मी सुनेचं काढलं, पण आधी तिच्या पुरणपोळीची तारीफ केली.