डब्यातलं भूत

हडपसरपासून मांजरीपर्यंत आमच्या साडूंइतका भित्रा माणूस झाला नाही आणि होणार नाही. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण माणूस ओळखायला पाचवी लागत नाही. कुकरची शिट्टी होणार हे दिसत असतं, तरी ते दचकतात. रिक्षात पाय बाहेर राहील म्हणून मांडी घालून बसतात. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, तुम्हाला काही झालेलं नाही," की त्यांची झोप उडते. "पाव्हणं, सांगण्यासारखं राहिलं नसंल," असं मला म्हणतात आणि दुसरा डॉक्टर शोधतात. आणि हाच माणूस तरुणपणी हडपसरच्या तंबू टॉकीजमध्ये मशीनवर होता! भुताचा एक सिनेमा त्यांनी सलग तीन आठवडे चालवला. तो मी सात वेळा पाहिला. बायका किंचाळायच्या, बाप्ये एकमेकांना धरायचे, मी मात्र पापणी हलवली नाही. ही गोष्ट मी साठ वर्षं सगळ्या गावाला ऐकवत आलो.

गेल्या महिन्यात त्या सिनेमाच्या पेट्या बुधवार पेठेत एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर सापडल्या. जगात तेवढीच प्रत उरलीय म्हणे, आमच्या तंबूत लागलेली तीच. कॉलेजातल्या एका प्राध्यापक बाईंनी तो रविवारी सकाळी दाखवायचं ठरवलं आणि पेपरात बातमी आली. त्याच दिवशी साडू माझ्याकडं आले. घामाघूम. काखेत फडक्यात बांधलेला शेवयांचा डबा.

"पाव्हणं, भूत माझ्याकडं हाय," म्हणाले.

मी पाणी दिलं. मग उलगडा झाला. पेट्या आल्या की दुपारी रिळं हाताखालून सोडून तपासायची, तुटलं असेल तिथं कात्री लावून जोडायचं, ही मशीनवाल्याची रीत. शेवटचं रीळ उजेडाला धरलं आणि नखाएवढं भूत दिसलं. तिथंच त्यांनी डोळे मिटले. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची मंडळी, तेव्हा पोटुशी होती. आठवा सरलेला. पण रोजचा खेळ चुकवायची नाही, बायकांच्या बाजूला पुढं जाऊन बसायची. पोटुशीनं दचकू नये, पोराला लागतं, असं त्यांची आई सांगायची. बायकोला अडवायची तर छाती नाही. म्हणून यांनी भूतच कापलं. दहा हात पट्टी शेवयांच्या डब्यात, आणि टोकं अशी जोडली की मालकालाही कळलं नाही. शेवटच्या दिवशी परत लावणार होते, तर त्याच दिवशी मेव्हणीला कळा आल्या. हे दवाखान्यात, तिकडं मालकानं पेट्या पुढच्या गावाला धाडल्या. तेव्हापासून ती प्रत बिनभुताचीच हिंडली.

एकट्या मेव्हणीला संशय होता. मरेपर्यंत विचारायची, "अवो, दार वाजतं, दिवा विझतो, बाई किंचाळती. पण कशाला? भूत कुठं हाय?" साडू म्हणायचे, "ते आपल्या अकलेनं समजायचं असतं."

माझी साठ वर्षांची छाती एका दुपारीत बसली. म्हणजे मी भ्यालो नाही, कारण भ्यायला काही नव्हतंच! मी रागानं म्हणालो, "गप बसा. डबा विहिरीत टाका."

"बोललो तर चोर ठरंन," ते म्हणाले. "न्हाई बोललो, तर त्या डायरेक्टरचा सिनेमा, तो मेल्यावरबी लुळाच राहतोय."

रविवारी कॉलेजात आम्ही तिघं गेलो. मी, साडू, आणि त्यांची थोरली, तेव्हा पोटात होती तीच. आता तिलाच नातवंडं आहेत. साडूंच्या मांडीवर डबा, आणि मांडी अशी लटलटत होती की झाकण वाजत होतं. पुढचे लोक वळून बघत होते. सिनेमा संपला. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भूत एकदाही न दाखवण्याचं धाडस बघा! दिग्दर्शकानं प्रेक्षकांच्या बुद्धीवर विश्वास ठेवला. मी पुस्तकात हेच लिहिणार आहे." टाळ्या पडल्या. मी साडूंचा हात दाबला, "बसून राहा."

रस्ता ओलांडायला ज्यांना दोन्ही बाजूंना माणूस लागतो, ते एकटे उठले. "बाई, तसं लिहू नका. त्यानं दाखवलं होतं वो. मीच कापलं."

थोरली म्हणाली, "दादा, काय बोलताय?"

"तुझ्यापायी, बाळे," ते म्हणाले आणि डबा पुढं केला.

झाकण उघडताच कुजक्या फिल्मचा आंबट वास सुटला. निम्मी पट्टी चिकटून वडी झाली होती. उरलेली बाईंनी खिडकीशी धरली, भिंग लावलं आणि एकदम हसल्या. "अहो, भुताच्या हातात घड्याळ आहे!" सगळे हसले. मग भिंग माझ्याकडं आलं. घड्याळ होतं खरं. पण त्या भुताचे डोळे! आता खोटं कशाला लिहू, मी खुर्ची धरली.

साडूंना कोणी चोर म्हटलं नाही. बाईंनी पट्टी जपून ठेवून घेतली. साडूंनी फक्त त्यातलं नखाएवढं एक चित्र परत मागितलं.

घरी आल्यावर ते चित्र त्यांनी मेव्हणीच्या फोटोच्या चौकटीत खोवलं. खोवताना डोळे गच्च मिटलेले. "जरा डावीकडं," असं मला सांगावं लागलं.

"घे, बघ," ते फोटोला म्हणाले. "आता भ्यालीस तरी चालतंय."

आणि डोळे न उघडता बराच वेळ तिथंच उभे राहिले, ती काही म्हणते का ते ऐकत.