आदर्श वारा आणि बोंबलांची दोरी

मी इंजिनिअरिंग कॉलेजात वाऱ्यापाण्याच्या प्रवाहांचं गणित शिकवते. त्याचा घरात कधी उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पण अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या सोसायटीत माझ्या आईच्या बोंबलांवरून मीटिंग लागली.

आई कोकणातून कायमची माझ्याकडे राहायला आली आणि आठवडाभरात गच्चीवर पोचली. पाण्याच्या गोल टाकीच्या अलीकडे, वारा येतो त्या बाजूला, जरा डावीकडे, तिने दोरी बांधून बोंबील वाळत घातले. गच्चीला लागूनच अध्यक्षकाकांचा फ्लॅट, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर टाकीच्या मागे. काका कारखान्यातून निवृत्त झालेले मोठे इंजिनिअर साहेब. काकू कांदासुद्धा न खाणाऱ्या. त्यांनी नाकाला पदर लावला आणि काकांना मीटिंग बोलवायला लावली.

"माशाचो वास येता, तर माझोय येत असतलो," आई म्हणाली. "मी गावाक जातंय."

ती खरंच पिशवी भरायला लागली. गावच्या घरात तिला आता कुणी नव्हतं. मला आई हवी होती, बोंबलांसकट.

मीटिंग गच्चीवरच होती. मी रांगोळीचा डबा घेऊन गेले आणि फरशीवर सरळ रेघा ओढल्या. हा वारा. मग दोन ठिपके काढले, एक वारा बाहेर सोडणारा, दुसरा आत ओढणारा. ते अगदी चिकटून ठेवले की रेघा वाकतात आणि मधे एक गोल सुटतो. "हा गोल म्हणजे आपली टाकी," मी सांगितलं. "आता बोंबलांवरून निघालेली रेघ बघा. टाकीला वळसा घालते आणि डावीकडूनच कठड्यापलीकडे जाते. खिडकीकडे फिरकत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक गोष्ट मी गिळली होती. हे गणित आदर्श वाऱ्याचं. खरा वारा टाकीच्या कडेशी तिची साथ सोडतो, मागे भोवरे करतो आणि आजूबाजूचा वास गोळा करून थेट त्या खिडकीत नेऊन टाकतो. हे न सांगण्याची मला तसूभरही लाज वाटली नाही.

काका चष्मा सावरत रांगोळीशी उकिडवे बसले. "मॅडम, टाकीच्या मागे भोवरे नाही दाखवलेत."

मेले, म्हटलं. "आदर्श वाऱ्यात नसतात, काका."

काकांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थिअरी एकदम करेक्ट आहे," ते मोठ्याने म्हणाले. "परमिशन देऊन टाकू. फक्त दोरी टाकीच्या जवळ घ्या. अजून जवळ. हां, अगदी कडेला."

मी थक्कच झाले. भोवऱ्यांनी वास उचलावा, तर नेमका तिथूनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मी बोंबील उलटायला वर गेलो. खिडकीत काका वरणभाताचं ताट घेऊन बसले होते. डोळे मिटलेले. एक घास, मग एक लांब श्वास.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, वास येतोय हो!"

"गणितात येत नाही," काका डोळे न उघडता म्हणाले. "तुझा भास आहे."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "ह्या माणसाची भूक जुनी आसा गो," ती हळूच म्हणाली. तिने दोरी आणखी वीतभर टाकीकडे सरकवली आणि पिशवी रिकामी करायला खाली गेली.