बाबांनी आईसाठी केलेली फळी

माझे बाबा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती आणि आमचं घर तिच्या पाठीलाच लागून, त्यामुळे त्यांचं काम कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं हे आम्हाला कधी कळलंच नाही. भिजत घातलेल्या तांदळाच्या पातेल्याशेजारी रॉकेलमध्ये एखादा कार्ब्युरेटर भिजत पडलेला असायचा. आई करवादायची, "एक दिस ह्येच्योच आंबोळ्यो घालतलंय तुमका!" बाबा हसायचे, पण कार्ब्युरेटर तिथेच राहायचा.

आई बाजारात मासे विकायची. बसायची जागा तिला सासूकडून मिळाली होती आणि आवाज स्वतःचा होता. तिच्याकडून मासे कापून घ्यायला गिऱ्हाईक थांबून राहायचं. विळीवर बसली की बांगडा तिच्या हातात जेमतेम दिसायचा आणि तुकडे होऊन टोपलीत पडायचा.

मी कोल्हापूरला नोकरीला लागले, त्यानंतरच्या पावसाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर परत आलं. पायही हळूहळू आला. उजवा हात मात्र अंगाशी लोंबत राहिला. मी मोठी रजा काढून घरी आले तेव्हा वाटलं होतं, बाबा खचले असतील. ते शिडीवर चढून दाराच्या कड्या खाली घेत होते. नळ खाली आला, कपड्यांची तार खाली आली. स्वयंपाकघरापासून मागच्या दारापर्यंत भिंतीला धरून त्यांनी होडीचा जुना पाईप ठोकला.

आई चिडली. "माका पांगळी ठरवलास तुम्ही!"

"नाय गो," बाबा खिळा ठोकता ठोकता म्हणाले. "थंय माझोच पाय घसारता. माकाच होयो तो पाईप."

तिचे केस विंचरायचं कामही त्यांनीच घेतलं. मी घरात असूनही मला हात लावू दिला नाही. त्यांना वेणी येत नव्हती, दोरखंड वळता येत होते. ती आरशासमोर बसायची, डिझेलचा वास येणारी ती जाड बोटं तिच्या केसांत फिरायची, आणि वेणी इतकी घट्ट व्हायची की तिच्या भुवया वर ओढल्या जायच्या. "होडी बांधतास काय?" ती ओरडायची. बाबा सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून वळायचे.

पण ती बाजारात जाईना. मागच्या दारात बसून नुसती माडांकडे बघत राहायची. मी एकदा म्हटलं, मासे विकायला एक हात पुरतो की.

"इकून देयन गो," ती म्हणाली. "पण कापून कोण देतलो?"

बाबा आत जेवत होते. त्यांनी ते ऐकलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी शेडमधून रंध्याचा आवाज यायला लागला. विळीवर मासा दोन्ही हातांनी धरावा लागतो, पातं जागचं हलत नाही. बाबांनी ते उलटं केलं. मासा फणसाच्या फळीवर अडकवायचा आणि एका टोकाला बिजागरी असलेलं पातं अडकित्त्यासारखं डाव्या हाताने खाली दाबायचं. मासा धरायला त्यांनी फळीवर टोकदार खिळे उभे केले. पहिल्याच बांगड्याच्या चिंध्या झाल्या. आईने फळी उचलून अंगणात भिरकावली. बाबांनी ती उचलून आणली. फळी धुतली आणि खिळे उपटून काढले.

मग ते मासळी बाजारात जाऊन बसायला लागले. आईच्या रिकाम्या जागेसमोर, एका उलट्या टोपलीवर. बायका हसायला लागल्या. एकीने विचारलं, "काय ओ, मासे घेवक इलास की आमका बघूक?"

"हात बघतंय," बाबा म्हणाले.

बरेच दिवस त्यांनी बायकांचे हात पाहिले. घरी येऊन मला दाखवलं, बायका माशाचं डोकं आवळत नाहीत, कल्ल्यामागे अंगठा रोवतात, म्हणून मासा सुटत नाही. त्यांनी फळीला माशाच्या पाठीसारखा खोलगट खाच पाडली आणि कल्ल्यामागे बसेल असा लाकडाचा एक अंगठा केला, लोंबत्या हाताच्या कोपराचा भार टाकला की घट्ट बसणारा. पातं दोनदा बदललं, पहिलं आईला जड होत होतं.

सकाळची वेळ होती. मांजरं आधीच येऊन बसली होती. आईने बांगडा खाचेत ठेवला, कोपर टेकलं, पातं खाली आणलं. तुकडा स्वच्छ पडला. तिने तो उचलून पाहिला आणि दुसरा बांगडा घेतला. ताटातले सगळे मासे कापून झाले तेव्हा बाबांकडे न बघताच म्हणाली, "पात्याक वायच धार काढा."

बाबा पातं घेऊन शेडमध्ये गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी चहा घेऊन गेले तर पाठमोरे उभे राहून आधीच चकचकीत असलेला पाना पुसत होते.

त्या आठवड्यात आई बाजारात गेली. शेजारणींनी टोपल्या सरकवून तिची जागा मोकळी केली. रोज सकाळी बाबा फळी खांद्यावर टाकून पुढे चालायचे आणि ती मागून, चपला ओढत.

पुढची काही वर्षं अशी गेली. मग एका वैशाखात दुपारी जेवून बाबा ओटीवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. शेडमध्ये देवबागच्या एका होडीचं इंजिन उघडून ठेवलेलं होतं. होडीवाला संकोचून बरेच दिवस आला नाही. शेवटी आला आणि सुटे भाग गोणत्यात भरायला लागला. तोवर आईच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. गोणत्यातला तो लोखंडी आवाज ऐकला आणि ती उंबऱ्यावरच बसली.

आई अजून मासे विकते. गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीची बोटं आखडली होती. तिलाही तशीच फळी हवी होती. तारकर्लीचा एक सुतार नमुना म्हणून आईची फळी मागायला आला. आईने आधी नाही म्हटलं. "मोडली तर? आता कोण करतलो?" मग स्वतःच धुऊन, फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

त्या दिवशी ती घरीच राहिली. दुपारी आम्ही दोघी मागच्या दारात बसलो होतो. ती म्हणाली, "एकदाय इचारूक नाय तेंनी माका, बरां आसा मा म्हणान. नुसते बघीत रवायचे. आणि मगे कायतरी ठोकीत बसायचे." मग म्हणाली, "घर कसा गप झाला गो."

मला आठवत होते ते त्यांचे फोन. मी कोल्हापूरहून लावला की तेच उचलायचे. "जेवलंस?" विचारायचे. मी हो म्हटलं की, "बरां. आवशीक देतंय." एवढंच, आणि फोन आईकडे. आई बोलत असताना मागे त्यांची ठोकाठोक ऐकू येत राहायची आणि मी तिला म्हणायची, बाबांना जरा थांबायला सांग, तुझं काही ऐकू येत नाही.

आता मी फोन लावते तेव्हा पहिल्या रिंगलाच आई उचलते. सगळं नीट ऐकू येतं.