टिचकीबाईंचं घड्याळ

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या त्या कक्षात सगळे त्यांना टिचकीबाई म्हणत. बाळ श्वास घ्यायचं विसरलं की यंत्र ओरडे, आणि डॉक्टर वळून बघेपर्यंत या नर्सबाईंची टिचकी त्याच्या तळव्यावर बसलेली असे. बाळ दचकून, रागावून पुन्हा कामाला लागे. तीस वर्षांत ही सवय इतकी हाडीमाशी खिळली, की दुपारी खुर्चीत घोरणाऱ्या नवऱ्याचा सूर अडकला तरी बिचाऱ्याच्या तळव्यावर टिचकी. "अगं, मी पूर्ण दिवसांचा आहे!" तो कळवळायचा. जेवल्यावर अर्धा तास कुणी आडवं व्हायचं नाही, हाही घरात कायदाच होता.

आता निवृत्तीला आठवडा उरला होता आणि बाईंचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. सव्वाकिलोला आपल्या हाताने घरी पाठवायचं. जन्माच्या वजनावरून बाळाला हे नाव पडलं. आता स्वारी दोन किलोंची झाली तरी नाव तेच. पठ्ठ्या दूध प्यायचा आणि निम्मं अंगावर परत करायचा, म्हणून पाजल्यावर अर्धा तास त्याला खांद्याशी उभं धरावं लागे. श्वासाचं औषध कॉफीच्या जातीचं. "मला डॉक्टर कॉफी सोडा म्हणतात आणि याला रोज पाजतात!" त्याचे टॅक्सीवाले वडील कुरकुरत. आता तेही औषध बंद झालं होतं. त्यानंतर सलग सात दिवस श्वास थांबला नाही, की घरी. एकदा जरी थांबला, तर पाळण्याजवळच्या दिवसांच्या पाटीवर शून्य आणि मोजणी पहिल्यापासून.

सातवा दिवस बाईंच्या नोकरीचाही शेवटचा. वडील टॅक्सी धुऊनपुसून खाली थांबले होते, आई कागदपत्रांच्या रांगेत. आणि यंत्र ओरडलं. टिचकी. श्वास सुरू. खोलीत दुसरं कुणी मोठं माणूस नव्हतं. यंत्राच्या पोटात नोंद राहते खरी, पण ती काढून बघतंय कोण? खोटं कशाला बोला, बाईंना मोह झाला. मग त्यांनी पाटीवरचा सहा पुसला आणि शून्य लिहिलं.

"मावशी, एवढंसंच तर थांबला हो!" कागद घेऊन वर आलेली आई रडू लागली.

"ते एवढंसं बघायला घरी मी नसेन, पोरी."

आईने बोलणंच टाकलं. निरोपाचा केक बाईंनी न खाताच वाटून टाकला. नवऱ्याने मात्र दोन तुकडे खाल्ले आणि अर्धा तास ताठ बसून राहिला.

बरोबर सात दिवसांनी बाईंच्या दारात टॅक्सी थांबली. आई उतरली, आत आली आणि सव्वाकिलोला त्यांच्या हातात दिलं. "आत्ताच प्यायलाय. उभं तुम्हीच धरा."

बाईंनी त्याला खांद्याशी घेतलं. त्याने लगेच त्यांच्या नव्या कपड्यांवर दूध काढलं, आणि बाईंच्या डोळ्यांना धार लागली. अर्धा तास झाला. चाळीस मिनिटं झाली. बाहेर वडिलांनी हॉर्न वाजवला.

"मावशी, झाला की अर्धा तास," आई हळूच म्हणाली.

तीस वर्षांत आकड्यात एका सेकंदाचीही लबाडी न केलेल्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नवऱ्याने काही बोलायला तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं.

"आमचं घड्याळ पुढे पळतं," बाई म्हणाल्या. "अजून वीस मिनिटं आहेत."